३४ वर्षांचा स्टॉपर की १९ वर्षांचा विंगर: रिटेन कोणाला करू?

साखळीकर_डावा_बॅक:
नमस्कार मंडळी. विषय थोडा घरगुती आहे, पण चार दिवस डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे टाकतो.

आमच्या गावात भातकापणी झाली की मोकळ्या शेतात वाड्यावाड्यांची सेव्हन-अ-साइड फुटबॉल लीग होते. सहा संघ. गेल्या वर्षापासून शहाण्यांनी त्यात लिलाव घुसवलाय. प्रत्येक संघाला १००० पॉईंट्स, नऊ खेळाडू घ्यायचे, बेस प्राइस ५०. जुन्यांपैकी एकच रिटेन करता येतो, म्हणजे लिलावाआधीच ठेवून घेता येतो, आणि त्याचे सरळ २५० कापले जातात. बाकी सगळ्यांच्या चिठ्ठ्या डब्यात. मी मॅनेजर. मॅनेजर म्हणजे जर्सी धुवायला नेणारा, पंपासाठी दारोदार फिरणारा आणि हरल्यावर शिव्या खाणारा.

पहिला माझा स्टॉपर, म्हणजे मधला बचाववाला. वय ३४. खाणी चालू होत्या तेव्हा स्वतःचा ट्रक होता. २०१२ ला गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, ट्रक दोन वर्षं अंगणात गंजला, मग विकला. आता कुंडईला कारखान्यात शिफ्ट करतो. नाईट संपवून थेट मैदानात येतो, डाव्या गुडघ्याला पट्टी गुंडाळून. धावतो कमी, ओरडतो जास्त. पण कॉर्नरला त्याच्याकडे बघा. समोरच्या फॉरवर्डच्या जर्सीचं टोक दोन बोटांत असं धरतो की रेफ्रीला काही दिसत नाही आणि त्या बिचाऱ्याला उडी मारता येत नाही. गेल्या वर्षी हेडरवर आम्ही एकही गोल खाल्ला नाही.

दुसरा विंगर, म्हणजे कडेने पळणारा, १९ वर्षांचा, डावखुरा. बॉल बॅकच्या एका बाजूने ढकलतो आणि स्वतः दुसऱ्या बाजूने पळतो. बॅक मध्ये उभा राहून ठरवत असतो, कोणामागे जाऊ? गेल्या मोसमात पाच गोल. अडचण अशी की त्याचा मामा तारवावर (जहाजावर) नोकरीला आहे आणि पोराचे कागद तयार होतायत. जानेवारीत बोलावणं आलं तर फायनलला तो इथे नसेल.

त्यात पलीकडच्या वाड्याने कोणालाच रिटेन केलेलं नाही. म्हणजे पूर्ण १००० खिशात घेऊन बसलेत.

आणखी एक. स्टॉपर माझ्या मावशीचा मुलगा आहे. आधीच सांगतो, नंतर कोणी शोधून काढायला नको.

फातोर्डा_पूर्व_स्टँड:
स्टॉपर ठेव. का ते सांगतो, जखम जुनी आहे.

२०२० च्या फेब्रुवारीत आपण, म्हणजे एफसी गोवाने, जमशेदपूरला ५-० हाणलं आणि आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) लीग शील्ड घरी आणली. तेव्हा प्रशिक्षक लोबेरा आधीच गेला होता, त्याच्या जागी क्लिफर्ड मिरांडा होता. मग उन्हाळ्यात काय झालं? लोबेरा मुंबई सिटीला, आणि त्याच्यामागून जाहू, मुर्तदा फॉल, बूमूस आणि आपला मंदार राव देसाई. मधला, स्टॉपर, पुढचा आणि डावा बॅक. मुंबईने आपल्याकडून खेळाडू नाही नेले, पाठीचा कणाच काढून नेला. कोविडमुळे ती अख्खी लीग गोव्यातच झाली. सेमीफायनलला त्यांनी आपल्यालाच पेनल्टीवर ६-५ ने बाहेर काढलं आणि ट्रॉफी उचलली कुठे, तर आपल्या मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर. रिकाम्या खुर्च्यांसमोर. मी घरी टीव्हीवर बघत होतो, बायको म्हणाली जेवण गार होतंय. झालं गार.

बूमूस गेला त्याचं दुःख दोन महिने राहिलं. फॉल गेला त्याचं अजून आहे. कॉर्नर आला की अजून हात छातीवर जातो.

म्हापशाचा_म्हातारा_विंगर:
पूर्व स्टँडवाल्यांचं ऐकू नका, ते प्रत्येक गोष्टीत २०२० आणतात. पोर ठेवा. लिस्टन कुलासो दवर्लीचा, मडगावला लागून. आपल्या संघात होता, खेळायला मिळायचं शेवटची दहा-पंधरा मिनिटं. २०२० च्या जानेवारीत हैदराबादला गेला, तिथे त्याला सुरुवातीपासून मैदानात उतरवलं. पुढच्याच वर्षी मोहन बागानने पैसे मोजून उचलला आणि भारताची जर्सीही मिळाली. घरचं पोर दुसऱ्याच्या जर्सीत आपल्यासमोर पळताना बघणं काय असतं ते पलीकडच्या वाड्याने शिकवायच्या आधी समजून घ्या.

देंपोचा_जुना_भक्त:
वाड्याच्या संघाचा लिलाव! कमाल आहे. उद्या देवळाच्या पालखीच्या भोयांचाही करा.

आमच्या वेळी प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंनी देंपो क्लब उभा केला तो बोली लावून नाही. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड, सगळी गोव्याची पोरं, वर्षानुवर्षं एकत्र. पुढे एक रॅंटी मार्टिन्स. २००५ ते २०१२ मध्ये पाच राष्ट्रीय विजेतेपदं त्या सांगाड्यावर आली. शेवटच्या वर्षी रॅंटीने एका लीगमध्ये ३२ गोल केले, पण त्याच्या मागे कोण उभं होतं ते आज कोणाला विचारलं तर सांगता येत नाही.

दोघांनाही ठेवा. नियम बदला.

साखळीकर_डावा_बॅक:
काका, नियम बदलायला मीटिंग लागते आणि मीटिंगला चहा-सामोशाचे पैसे लागतात. ते गेल्या वर्षीचेच बाकी आहेत.

वास्कोचा_गोली:
सगळे भावनेत वाहताय. जरा हिशेब करूया.

रिटेन करायचा तो चांगला खेळाडू नव्हे, लिलावात महाग जाईल तो. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. २५० ला ठेवलेला माणूस बाहेर १०० ला मिळणार असेल तर तू १५० जाळलेस. आता सांग, तुमच्या गावात ३४ वर्षांच्या, पट्टी बांधलेल्या, शिफ्टवाल्या स्टॉपरवर कोण १५० च्या वर जाईल? पोरावर मात्र तो १००० वाला वाडा ४०० पर्यंत सहज जाईल. गोल करणाऱ्यावर बोली चढते, गोल वाचवणाऱ्यावर नाही. म्हणून पोर रिटेन कर आणि स्टॉपर बोलीत परत घे. दोघेही तुझेच.

कोणी म्हणेल, २०१७ च्या आयएसएल ड्राफ्टमध्ये (क्लबांनी पाळीपाळीने खेळाडू उचलायचे असतात) पहिली उचल स्टॉपरचीच झाली होती. खरं आहे, जमशेदपूरने अनस एडाथोडिकाला १ कोटी १० लाखांत घेतलं. पण ते प्रशिक्षकांचं टेबल होतं. तुमच्याकडे टेबलावर पोल्ट्रीवाला, पंच आणि सलूनवाला असणार.

आता माझा आवडता विषय. त्या ड्राफ्टआधी प्रत्येक क्लबला जास्तीत जास्त दोन सीनियर भारतीय ठेवता येत होते. गोव्याने मंदार ठेवला, आणि दुसरा गोली लक्ष्मीकांत कट्टीमनी. २०१५ ची फायनल आठवते? २० डिसेंबर, फातोर्डा. ८७व्या मिनिटाला आपल्या जोफ्रेने २-१ केलं, लोक खुर्च्यांवर चढले. ९०व्या मिनिटाला कट्टीमनीच्या अंगाला लागून स्वतःच्याच जाळ्यात, आणि भरपाईच्या वेळेत चेन्नईच्या मेंडोझाचा गोल. ३-२, चेन्नई. स्टँडमध्ये माझ्या शेजारचा माणूस हातातला रोस ऑम्लेट (रश्श्यातलं ऑम्लेट) तसाच धरून बसला होता, रोस पँटवर गळत होता, त्याला पत्ता नाही. त्या गोलीला क्लबने दीड वर्षाने रिटेन केलं, म्हणून लोकांनी काय काय ऐकवलं! पुढे तो हैदराबादला गेला. २०२२ च्या मार्चमध्ये फायनल, पुन्हा फातोर्डा, केरळाविरुद्ध पेनल्टी शूटआउट. कट्टीमनीने तीन अडवल्या. कप हैदराबादचा.

तर माझा प्रश्न असा की तुझा गोलकीपर कोण आहे? दोघांवर एवढं लिहिलंस, त्याचं नावही काढलं नाहीस.

साखळीकर_डावा_बॅक:
गोली शाळेतला शिपाई आहे. बरा आहे. पण पाऊस पडून गेला की चष्म्यावर वाफ धरते.

वास्कोचा_गोली:
मग स्टॉपर परत घेऊन जे वाचतील ते गोलीवर घाल. चष्मा नसलेला.

साखळीकर_डावा_बॅक:
झाला लिलाव, काल संध्याकाळी, सोसायटीच्या हॉलमध्ये. इथे ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांना हिशेब देणं भाग आहे.

गोलीबाबांचं ऐकलं. पोर २५० ला रिटेन. हातात ७५० उरले. स्टॉपरसाठी मनात २०० धरले होते, अगदीच ताणलं तर २४०. वहीच्या कोपऱ्यात लिहूनही ठेवलं. तो स्वतः म्हणाला होता, "पोराक दवर रे, म्हाका कोण व्हरतलो?" (पोराला ठेव, मला कोण नेणार?) हसत म्हणाला होता, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही.

त्याची चिठ्ठी सातवी निघाली. नाव वाचलं. मी हात वर केला, ५०. पलीकडच्या वाड्याचा मॅनेजर मोबाईलमध्ये बघत होता. सलूनवाल्याने जांभई दिली. "पन्नास एकदा." हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज. मला वाटलं आता कोणीतरी साठ म्हणेल. निदान मला त्रास द्यायला म्हणून तरी. "पन्नास दोनदा." मी खरं सांगतो, तेव्हा मलाच वाटलं की आपणच ७० म्हणावं. पण स्वतःच्या बोलीवर स्वतः चढता येत नाही. हातोडी पडली. वाचलेल्या १५० मध्ये आणखी शंभर घालून सत्तरी तालुक्यातला एक गोली घेतला, उंच आहे, चष्मा नाही. कागदावर आमचा संघ सगळ्यात तगडा दिसतोय. पलीकडचे तिघांवरच ७०० घालून बसले आणि उरलेली सहा पोरं त्यांना बेस प्राइसलाच घ्यावी लागली.

स्टॉपर दादा नाईटला होता, हॉलमध्ये नव्हता. रात्री साडेअकराला ब्रेकमध्ये फोन आला. मागे मशीनचा आवाज. पोर राहिला का विचारलं, गोली कोण ते विचारलं. मग थोडं थांबून, "कितल्याक गेलों रे हांव?" (कितीला गेलो रे मी?)

माझ्या तोंडून निघून गेलं, दोनशे.

म्हणाला, "बरें. म्हणजे अजून जाय हांव कोणाक तरी." (अजून कोणाला तरी मी हवा आहे.) आणि गुडघ्याला नवी पट्टी घ्यायची म्हणाला, इलास्टिकची, म्हापशाला चांगली मिळते.

आता पंचाईत अशी की सोमवारी संघांची यादी वाड्याच्या ग्रुपवर पडते. नाव आणि पुढे आकडा. काय करू?

फातोर्डा_पूर्व_स्टँड:
बाप रे.

देंपोचा_जुना_भक्त:
यादी कोण बनवतो?

साखळीकर_डावा_बॅक:
मीच. एक्सेल येणारा मी एकटाच आहे.

देंपोचा_जुना_भक्त:
मग नुसती नावं टाक. कोणी आकडे मागितले तर सांग, फाईल उघडत नाही.

वास्कोचा_गोली:
आणि केस कापल्याचे सलूनवाल्याचे पैसे या महिन्यात थकवू नकोस. तो हॉलमध्ये होता.