दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात नृत्यप्रयोग करायचा आहे; इंजिनाची नक्कल न करता रचना कशी उभी करावी?

तत्कार_दिल्ली:
नमस्कार. मी दिल्लीत कथक शिकवते. चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या मोकळ्या आवारात फेब्रुवारीत, दिवस मावळण्याच्या सुमारास, आठ विद्यार्थिनींसह सुमारे चाळीस मिनिटांचा प्रयोग करावा, असा विचार आहे. प्रेक्षक साठच असतील आणि ते आमच्याबरोबर एका इंजिनाकडून दुसऱ्याकडे चालत जातील. मनात दोन जागा पक्क्या आहेत: बंगाल नागपूर रेल्वेचे १९३० सालचे ‘एन’ वर्गातील गॅरेट इंजिन, क्रमांक ८१५, आणि पतियाळा संस्थानची मोनोरेल.

अडचण अशी की, मी जे काही बांधते ते शेवटी रेलगाडीची नक्कल होऊन बसते. घुंगरांतून गाडीची चाल काढणे आणि पढंतीत, म्हणजे तोंडाने बोल म्हणताना, शिट्टी वाजवणे रंगमंचावर शोभते. परंतु गेल्या आठवड्यात तोच तुकडा मी गॅरेटसमोर उभी राहून मनातल्या मनात म्हणून पाहिला, तेव्हा एवढ्या प्रचंड आणि निःशब्द वस्तूपुढे तो फार लहान वाटला. या जागेतूनच नृत्य निघावे यासाठी काय पाहावे, काय ऐकावे? शिवाय आवारात खडी आणि सिमेंटचे रस्ते आहेत, तिथे तत्कार, म्हणजे पायांच्या ठोक्यांचे काम, कसा करावा, याविषयीही मार्गदर्शन हवे आहे.

नागपूरचा_फिटर:
ताई, माझे वडील बंगाल नागपूर रेल्वेच्या काळापासून फायरमन होते आणि मीही रेल्वेच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालो, म्हणून गॅरेटविषयी जरा सविस्तर लिहितो.

साध्या दोन सिलिंडरांच्या वाफेच्या इंजिनात दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी वाफ काम करते आणि दोन्हीकडचे क्रँक (दट्ट्याच्या ये-जा हालचालीने चाक फिरवणारे भुज) एकमेकांशी काटकोनात बसवलेले असतात, त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून चार भपके निघतात. म्हणजे चाकाचे चार फेरे झाले की तुमच्या तीनतालाच्या सोळा मात्रा भरतात. गॅरेटची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यात एकच बॉयलर मध्ये टांगलेला असतो आणि त्याच्या पुढे-मागे चाकांचे दोन स्वतंत्र संच असतात, ज्यांना वाफ एकाच बॉयलरमधून मिळते, पण जे एकमेकांशी कोणत्याही दांड्याने जोडलेले नसतात. चाकांच्या झिजेत केसभर फरक असला किंवा एखादा संच रुळावर जरासा घसरला, की दोघांचे ठोके एकमेकांपासून सरकू लागतात. काही वेळ चार ठोक्यांच्या जागी आठ ऐकू येतात, मग अंतर कमी होत होत दोन्ही संच पुन्हा एक होतात आणि आवाज एकदम भरून येतो. वडील सांगत, की घाट चढताना हे मिटणे आणि उमलणे ऐकत ते कोळसा टाकत असत.

माझे मत असे की, तुम्ही चार-चार मुलींचे दोन गट इंजिनाच्या दोन टोकांना उभे करावेत. मधल्या बॉयलरमुळे त्यांना एकमेकींचे पाय दिसणार नाहीत, फक्त ऐकू येतील. एका गटाने लय किंचित ठाय, म्हणजे संथ, ठेवावी आणि सम (तालाची पहिली मात्रा) कुठे गाठायची हे आधी मोजून ठरवू नये. ती ऐकून गाठावी. यात इंजिनाचा आवाज काढायचा नाही, त्याच्या रचनेने तुमच्यावर जी अट घातली आहे ती पाळायची आहे.

पुण्याची_नृत्यरचनाकार:
फिटरकाकांनी मर्म सांगितले आहे. मोनोरेलच्या बाबतीतही हीच दृष्टी ठेवावी. १९०७ मध्ये सुरू झालेल्या आणि १९२७ मध्ये बंद पडलेल्या या गाडीचा जवळजवळ सारा भार रस्त्याच्या कडेच्या एकाच रुळावर असे आणि बाजूचे मोठे चाक रस्त्यावरून चालत केवळ तोल सांभाळत असे. हे दोन नर्तिकांना सांगून पाहा: एकीने सारा भार एका पायावर घ्यायचा आणि दुसरीने तिला न उचलता, न ओढता, फक्त पडू द्यायचे नाही. कथकात परस्परांना स्पर्श करून तोल सांभाळणे विरळाच, म्हणून मुली सुरुवातीला बुजतील. त्यासाठी दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा.

दुसरे, रुळांमधील अंतरे अंगाने मोजा. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे साडेपाच फुटांचा; तेवढ्या उंचीच्या मुलीने दोन्ही हात पसरले तर बोटे जवळजवळ दोन्ही रुळांवर येतात. मीटरगेजमध्ये तेच हात कोपरात दुमडावे लागतात आणि ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजमध्ये ते अंगाजवळ घ्यावे लागतात. एकच हस्तक, म्हणजे हातांची ठरलेली हालचाल, या तिन्ही मापांत केला तर वेगळी कथा जोडावीच लागणार नाही.

प्रेक्षकांना एका जागेवरून दुसरीकडे नेतानाही निवेदन नको. अमेरिकन नृत्यरचनाकार ट्रिशा ब्राउन यांनी १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या गच्च्यांवर नर्तक उभे करून एकाची हालचाल दुसऱ्याने दुरून पाहून पुढे पोहोचवण्याचा प्रयोग केला होता. रेल्वेतील बावटा आणि कंदील याच तत्त्वावर चालतात, तेव्हा तुमची एक नर्तिका दूरच्या डब्यापाशी हात उंचावेल आणि माणसे आपोआप तिकडे वळतील.

मंचव्यवस्था:
जमिनीविषयी. खडीवर अनवाणी नाचू नये आणि सिमेंटवर तासन्‌तास तत्कार केल्यास नडगी व टाचा दुखावतात. जाड प्लायवूडच्या फळ्या लाकडी पट्ट्यांवर बसवून घ्याव्यात. खाली पोकळी राहिली की घुंगरांना ध्वनिवर्धकाशिवायही पुरेसा आवाज मिळतो. एक गोष्ट आग्रहाने सांगतो: जुन्या बॉयलरच्या पत्र्याखाली अनेकदा ॲस्बेस्टॉसचे (ज्याचे तंतू श्वासातून गेल्यास घातक ठरतात) आवरण असते, म्हणून इंजिनावर चढणे, ठोकणे, त्याला दिवे बांधणे यांपैकी काहीही करू नये. दिवे जमिनीवरच ठेवावेत. संग्रहालय रेल्वे मंत्रालयाचे असल्याने परवानगीच्या अर्जासोबत आवाराचा नकाशा, फळ्यांच्या जागा आणि प्रेक्षकांचा मार्ग जोडावा. सोमवारी संग्रहालय बंद असते; त्या दिवशी तालमीची मुभा मागून पाहावी.

तत्कार_दिल्ली:
आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. काल वर्गात मधे पडदा लावून दोन्ही गटांना तीनतालात सोडले. पहिल्या तीन वेळा मुली घाबरून लगेच एकमेकींच्या लयीत आल्या. चौथ्या वेळी मात्र जवळजवळ दोन मिनिटे त्या वेगळ्या राहिल्या आणि नंतर सम आली तेव्हा कोणीही ती मोजलेली नव्हती. फिटरकाका, आपल्याला एक विचारायचे आहे: चढावर चाक घसरते तेव्हा ठोके नेमके कसे होतात?

नागपूरचा_फिटर:
अचानक फार जलद आणि हलके होतात, कारण चाक फिरते पण गाडी पुढे जात नाही. मग ड्रायव्हर वाफ कमी करतो, क्षणभर शांतता पसरते आणि पहिला जड ठोका पुन्हा येतो. त्या शांततेत मुलींना हलू देऊ नका.