एआय आणि ऑपरेशन्स रिसर्चची (गणितानं उत्तम निर्णय काढायच्या शास्त्राची) सांगड घालावी का? (दूध संकलनाच्या रूटवरून)

मुक्ता: एक टेंपो, 20 गावं. सगळीकडून दूध घेऊन डेअरीत परतायचे क्रम एकावर अठरा शून्यांहून जास्त. टेंपो सहा झाले आणि कुणात किती कॅन मावतात तेही आलं, की गुंता आणखी वाढतो. ब्रँच अँड बाउंड पद्धत ‘या गावाहून थेट त्या गावाला जायचं की नाही’ असा एकेक प्रश्न घेऊन दोन फांद्या फोडते. हातातल्या उत्तराहून चांगलं जिथे निघूच शकत नाही, ती फांदी छाटते. आधी कुठला प्रश्न घेतला यावर झाड आवरतं किंवा हाताबाहेर जातं. ‘स्ट्राँग ब्रँचिंग’ हे प्रश्न निवडायचं तंत्र प्रत्येक प्रश्न चाचपून बघतं. निवड उत्तम, पण वेळ फार खातं. 2019 मध्ये मॅक्सिम गास आणि सहकाऱ्यांनी तीच निवड न्यूरल नेटवर्कला (उदाहरणांवरून शिकणाऱ्या एआयला) शिकवली. नेटवर्क चुकलं तर झाड वाढेल, पण उत्तर चुकणार नाही, कारण छाटणी गणितच करतं. माझं मत: सांगड घालावीच.

जुना सॉल्व्हरवाला: मुक्ताताई, नाही पटत. 1954 साली डँट्झिग, फुल्करसन आणि जॉन्सन यांनी 49 शहरांचा सर्वांत छोटा फेरा सिद्ध केला. 2006 मध्ये कॉन्कॉर्ड या सॉल्व्हरनं (अशी गणितं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमनं) 85,900 बिंदूंचा केला. नेटवर्कशिवाय! नेटवर्क ज्या धाटणीच्या गणितांवर शिकतं, त्याहून वेगळं गणित आलं की अडखळतं. आणि ‘फक्त झाड वाढेल’ कसं म्हणता? टेंपो पहाटे साडेचारला सुटतो. तोवर सॉल्व्हर आटपला नाही तर त्या सिद्धतेचं करायचं काय?

रेखा: मी रोज हे रूट लावते. आमचं गणित फांद्यांवर अडत नाही, आकड्यांवर अडतं. प्रत्येक थांब्याला पाच मिनिटं धरली होती. एका केंद्रावर फॅट तपासायचं मशीन मधेच बंद पडतं, कॅनची रांग लागते, वीस मिनिटं जातात. पुढची तीन गावं ताटकळतात. एआय लावायचं तर कुठल्या थांब्यावर किती वेळ जाईल, त्या अंदाजाला लावा. रूट सॉल्व्हर काढेल.

मुक्ता: रेखाताई, हे मला सुचलंच नव्हतं, आणि हीसुद्धा सांगडच आहे. काका, साडेचारला सॉल्व्हर थांबवला तरी तो हातातला रूट देतो, शिवाय ‘याहून जास्तीत जास्त इतके टक्केच सुधारेल’ हेही सांगतो. नुसतं नेटवर्क रूट काढून देईल, ही हमी देणार नाही. म्हणून गणित काढून टाका असं मी कधीच म्हणणार नाही.

जुना सॉल्व्हरवाला: हमीचं मान्य. मग रेखाताईंचे जुलैतले रूट घ्या, पूल पाण्याखाली असतानाचे. फांद्या निवडायच्या साध्या नियमानं आणि नेटवर्कनं, दोन्हींनी साडेचारपर्यंत सोडवा. दोन्हींचे ते सुधारणेचे टक्के इथेच टाका, मग बोलू.