पहिल्यांदाच असं झालं आणि हातपाय गळाले

धागा सुरू करणारी (घोडबंदर रोड, ठाणे)

लेक तेव्हा सतरा महिन्यांचा होता. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. दुपारपासून त्याचं अंग जरा कोमट लागत होतं, पण खेळत होता, वरणभात नीट जेवला. सात वाजता ताप १००.४ निघाला. औषध पाजलं आणि मी कुकर लावायला आत गेले. तो सासूबाईंच्या मांडीवर होता.

"अगं, हा बघ कसा करतोय!"

सासूबाई एरवी मोठ्याने बोलत नाहीत. त्या आवाजानेच माझ्या पोटात गोळा आला. बाहेर आले तर त्याचे डोळे वर गेलेले, दातखीळ बसलेली, दोन्ही हातपाय एकाच ठेक्यात झटके देतायत, ओठांभोवती निळसर झालेलं. मी नावाने हाका मारतेय आणि त्याला ऐकूच जात नाहीये.

आम्ही काय केलं ते जसंच्या तसं सांगते. मी परत आत जाऊन गॅस बंद केला. का, ते मला विचारू नका. सासूबाई कांदा फोडायला धावल्या. नवऱ्याने डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. मग शेजारच्या काकू आल्या. पूर्वी एका दवाखान्यात नर्स होत्या. त्यांनी आधी आम्हा तिघांना बाजूला केलं, त्याला जमिनीवर एका कुशीवर वळवलं, तोंडातली लाळ बाहेर येऊ दिली, शर्टाचं गळ्याचं बटण काढलं आणि म्हणाल्या, "आता कुणी हात लावू नका."

आकडी आपोआप थांबली. मला विचाराल तर अर्धा तास चालली होती. रात्री नवऱ्याने फोनमधले कॉल बघितले. काकूंना लावलेला फोन ८.०४चा, आकडी थांबल्यावर लगेच माझ्या भावाला लावलेला ८.०६चा.

त्यानंतरचा प्रवास मात्र खरंच लांबला. मेट्रोचे खांब, खड्डे, पाणी. मानपाड्यापर्यंत पोचायला चाळीस मिनिटं. तो गाढ झोपला होता आणि ही झोप आहे की शुद्ध हरपली आहे हे कळत नसल्याने मी वाटभर त्याच्या तळपायाला चिमटे काढत होते.

डॉक्टर शांत होते. इतके, की मला त्यांचा राग आला. "तापातली आकडी आहे. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना येते." मेंदूला इजा होत नाही म्हणाले. हे अपस्मार नव्हे. झटके सगळ्या अंगाला, पंधरा मिनिटांच्या आत थांबलेले आणि चोवीस तासांत एकदाच, म्हणून साधी आकडी. पण पहिल्यांदा आली की डॉक्टरांना दाखवायचंच आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ला फोन किंवा सरळ हॉस्पिटल. तापाचं औषध वेळेवर दिल्याने आकडी टळतेच असं नाही, हे ऐकल्यावर मी तिथे रडले. तासभर मी मनात हिशेब करत होते, की औषध सहाला दिलं असतं तर.

चौथ्या दिवशी ताप उतरला आणि छातीपाठीवर गुलाबी पुरळ. सासूबाई म्हणाल्या, गोवर. डॉक्टर म्हणाले, गोवरात पुरळ उठते तेव्हा ताप चढलेला असतो. ताप गेल्यावर पुरळ आली, म्हणजे हा रोझिओला, विषाणूमुळे येणारा ताप. पुरळ दोन दिवसांत गेली.

तुमचेही असे पहिले प्रसंग लिहा. आजारपणच हवं असं नाही, पण पोरंबाळं असावीत. डॉक्टरांनी काय सांगितलं तेही लिहा. औषधाचे डोस मात्र लिहू नका, ते वजनावर ठरतात.

वाशीची आजी

मुलीने टाइप करून दिलं आहे.

साल १९८३. आम्ही सिडकोच्या घरात नवीन. वाशीला रेल्वे आली १९९२ला, त्याआधी मुंबईला जायचं तर खाडीपुलावरून बस. संध्याकाळनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. धाकटी दोन वर्षांची, तापाने फणफणलेली, आणि रात्री तिला आकडी आली. हे रात्रपाळीला. शेजारीपाजारी जमले. एकाने चप्पल हुंगवली, एकीने कांदा. जीभ चावली जाईल म्हणून मी तिच्या दातांत चमचा घातला. चांगला स्टीलचा चमचा, जोर लावून. आकडी थांबली आणि चमच्याबरोबर पुढचा दुधाचा दात हातात आला.

सकाळी पहिल्या बसने चेंबूरला डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, आकडी बरी होती हो, चमचा वाईट. त्या दिवसापासून तोंडात काही घालायचं नाही हे डोक्यात बसलं. दुधाचा दात होता म्हणून नवीन आला, पण तोवर चार वर्षं तिच्या प्रत्येक फोटोत ती फट आहे. तिला त्यातलं काही आठवत नाही. आत्ता हे टाइप करताना हसते आहे.

वागळे इस्टेट, रिक्षावाला

मला मुलं नाहीत, पण धाग्यात बसेल म्हणून लिहितो. तीन वर्षांपूर्वी रात्री दहाच्या सुमारास लोकमान्यनगरला एक जोडपं पोराला घेऊन रिक्षात शिरलं. पोरगं झटके देत होतं. मी हॉर्न दाबूनच ठेवला. मागे वडील त्याची दातखीळ उघडायला बोट घालत होते आणि एकदम किंचाळले. तीन हात नाक्याला मला वाटलं, पोराचं काही बरंवाईट झालं. पोचलो तोवर पोरगं शांत झोपलेलं, आणि वडिलांच्या बोटातून रक्त. पोराला टाका नाही, सुई नाही. बापाला तीन टाके. मीटरचे पैसे आईने दिले, बापाचा हात बांधलेला होता.

वरच्या आजींचं वाचून तो आठवला.

ऐरोलीकर बाप

आमचा किस्सा नाकाचा. मुलगी अडीच वर्षांची. सर्दी झाली, फक्त उजव्या नाकपुडीला. आम्ही आठवडाभर सर्दीचं औषध पाजत राहिलो. मग वास यायला लागला. साधासुधा नाही, जवळ घेतलं की मान फिरवावी असा. बायको म्हणाली दात किडला असेल, आई म्हणाली पोट साफ नाही. मी दोघींच्या मधोमध उभा राहून दोघींचं बरोबर असेल म्हणालो.

नौपाड्यातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासायच्या आधीच विचारलं, "एकाच नाकपुडीतून?" एकाच बाजूने घाण वासाचा शेंबूड म्हणजे लहान पोरांत आधी नाकात काय कोंबलंय ते शोधायचं. निघाला सोफ्याच्या फाटक्या उशीतला स्पंज. आमच्याच सोफ्याचा, रंगावरून ओळखला.

सहा महिन्यांनी पुन्हा. या वेळी थर्मोकोलचा मणी, आणि या वेळी आमच्यासमोर. डॉक्टरांनी मला तिच्या तोंडावर तोंड घट्ट ठेवायला सांगितलं, स्वतः तिची मोकळी नाकपुडी दाबून धरली आणि म्हणाले, फुंका एकदम. मणी उडून माझ्या गालावर आला, सोबत बरंच काही. डॉक्टरांनी एक गोष्ट दोनदा बजावली: घड्याळातला किंवा रिमोटमधला बटणाएवढा सेल नाकात किंवा पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी सकाळची वाट बघायची नाही. तो काही तासांत आतली त्वचा जाळतो. घरातल्या सगळ्या रिमोटना आता चिकटपट्टी आहे. चॅनल बदलायला त्रास होतो, पण चालतंय.

ठाणे स्टेशन, दहा नंबर

छोटंसं. वाशी गाडी सुटत होती, मी लेकीला एका हाताने उचलून डब्यात ओढलं. ती रडली आणि नंतर तो हात हलवेचना. लुळा लटकत राहिला. मला वाटलं मोडला. घणसोलीला उतरून डॉक्टर गाठले. त्यांनी गप्पा मारत कोपर धरलं, तळहात वर करून हात दुमडला, बारीकसा टक आवाज. पाच मिनिटांनी त्याच हाताने तिने बिस्किट घेतलं. लहान मुलांचं कोपराचं हाड असं ओढल्याने जागेवरून सरकतं म्हणे. तेव्हापासून उचलायचं तर काखेत हात घालून.

खारघर

हा प्रसंग लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितेच, कारण हे प्रत्येक घरात घडू शकतं.

घरी सत्यनारायण. पाहुणे, प्रसाद, गडबड. मुलगा दोन वर्षांचा. आरती झाल्यावर तबक खाली टीपॉयवर ठेवलेलं. तो माझ्याकडे आला, तोंड वाकडं करत, आणि तोंडाला कापराचा वास. त्याला खडीसाखर वाटली होती. पांढरी, चौकोनी, प्रसादाच्या शेजारी, त्याचं तरी काय चुकलं? आत्या म्हणाली, अर्धीच तर वडी आहे, मीठपाणी पाजून उलटी काढ. नणंद फार्मसिस्ट आहे. तिने ग्लास हातातून ओढून घेतला. उलटी काढायची नाही, चला, एवढंच म्हणाली.

गाडीत, अजून उत्सव चौकही आला नव्हता, तेव्हा त्याला आकडी आली. ताप नाही, काही नाही. हॉस्पिटलमध्ये इंजेक्शनने थांबली. रात्रभर देखरेखीखाली ठेवलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी. बालरोगतज्ज्ञ म्हणाल्या, एवढ्या लहान मुलाला कापराची थोडीशी वडीही पुरते, आणि आकडी फार लवकर येते, म्हणून लक्षणांची वाट बघायची नसते. सर्दीला कापराची पुरचुंडी गळ्यात बांधतात तीही त्यांनी काढायला लावली. आमच्याकडे अजून आरती होते. कापराची डबी मात्र कपाटात, वरच्या खणात, माझ्या दागिन्यांच्या शेजारी.

नेरूळ, सेक्टर वीसच्या आसपास

आमचा चिरंजीव रागावला की रडता रडता श्वासच घेत नाही. पहिल्यांदा झालं ते मोबाइल काढून घेतल्यावर. तोंड उघडं, आवाज बंद, निळा पडला आणि हातात मऊ पडला. मी त्याला घेऊन जिना उतरत पळाले, दुसऱ्या मजल्यावर तो जागा होऊन माझ्याकडे बघत होता, आणि मी अनवाणी. डॉक्टर म्हणाले, मुद्दाम करत नाही, श्वास आपोआप परत येतो, पण पहिल्या वेळी तपासून घ्यावं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी. लोहाचे थेंब सुरू केले, दोनेक महिन्यांत प्रकार बराच कमी झाला. (शी काळी होते, ते लोहामुळे. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, तोही एक धक्का.)

घरात आता प्रश्न वेगळाच आहे. निळा पडू नये म्हणून आजोबा त्याला काहीही देतात, आणि त्याला ते कळलं आहे.

कळवा

शीवरून आठवलं. लाल शी बघून आम्ही डायपर पिशवीत घालून डॉक्टरांकडे नेला होता. बीट होतं. पाचशे रुपये.

त्यानंतर खरोखरचे जुलाब झाले तेव्हा मी दुकानातून ओआरएस म्हणून फळांच्या चवीचं खोकं आणलं. डॉक्टरांनी त्यावरचं साखरेचं प्रमाण वाचून दाखवलं. जास्त साखरेने जुलाब वाढतात. म्हणाले, ओआरएस पुडीतलंच द्यायचं, लिहिलेल्या मापाने, एका लिटरच्या पुडीला एक लिटर पाणी, आणि चमच्याचमच्याने. उलटी झाली की दहा मिनिटं थांबून पुन्हा. २०२५ साली एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ओआरएस लिहायला बंदी केली, ते वाचून मला आमच्या कपाटातली उरलेली तीन खोकी आठवली.

धागा सुरू करणारी

धागा वर आणते आहे. डिसेंबरात दुसरी आकडी आली. दर तीन मुलांत साधारण एकाला पुन्हा येते हे डॉक्टरांनी सांगितलं होतंच, तरी आपण ते एक नसावं असं वाटत राहतं.

मी त्याला गालिच्यावर कुशीवर केलं, टीपॉय लांब सरकवला आणि वेळ बघायला भिंतीवरच्या घड्याळाकडे वळले. ते बंद पडलेलं. नवऱ्याने मोबाइल समोर धरला. एक मिनिट चाळीस सेकंद. या वेळी गॅस चालूच राहिला, दूध उतू गेलं. माझे हात नंतर तासभर थरथरत होते, पहिल्या वेळेइतकेच.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात कांदा. फोडला नाही. मी बघितलं तशी त्यांनी तो पदराआड घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे केले त्यांनी.