मदत हवी आहे: १९ हजार किलोमीटरमध्ये पुढचे टायर आतल्या कडेने झिजले. रबर मऊ की गाडीत घोळ?

मंडळी, जाणकारांनी जरा बघा. थोडं लांब लिहितोय, पण आकडे दिल्याशिवाय कोणी नीट सांगू शकणार नाही.

गाडी १.५ लिटर टर्बो पेट्रोल सेडान, पुढची चाकं ओढणारी, टायर २०५/५५ आर१६. गाडीचं आणि टायरचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा 'कुठली कंपनी भारी' यावर जाईल आणि माझं काम राहील बाजूला. गाडीबरोबर आलेले टायर ४१ हजार किलोमीटरला बदलले आणि हौस म्हणून परफॉर्मन्स टायर घातले. साइडवॉलवर 'ट्रेडवेअर २४०, ट्रॅक्शन एए, टेंपरेचर ए' (झीज, पकड आणि उष्णता यांच्या श्रेणी) असं आहे. पहिले सहा महिने काय सांगू, वळणावर गाडी रुळावर असल्यासारखी जायची.

गेल्या आठवड्यात ताम्हिणीतून सासुरवाडीला माणगावला चाललो होतो. पावसाची पहिलीच मोठी सर. डोंगरवाडीच्या पुढे उतारावर एका उजव्या वळणाला स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी सरळच निघाली. डॅशवरचा घसरण-इशाऱ्याचा पिवळा दिवा फडफडला, मग पकडलं. वेग ५० च्या आसपास. बायको माणगाव येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, यावरून काय ते समजा.

परत आल्यावर डेप्थ गेज (टायरच्या चरांची खोली मोजायचं साधन) घेतला. पुढचं डावं: बाहेर ४.२ मिमी, मध्ये ३.८, आत २.१. पुढचं उजवं: ४.३, ३.८, २.४. मागचे दोन्ही सगळीकडे साधारण साडेपाच. टायर पुढे-मागे आलटून-पालटून एकदाही फिरवलेले नाहीत (माहीत आहे, माझीच चूक). हवा ३८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवतो.

प्रश्न असे: ट्रेडवेअर २४० म्हणजे टायर इतक्या लवकर संपणारच का? दोन बदलू की चार? आणि १.६ मिमीच्या खुणेला (इथवर झिजला की टायर बदलायचा) अजून टेकलेले नसताना ग्रिप कशी गेली?

घाटवळण:
मऊ रबर कमी चालतं हे खरं, पण ते सगळीकडून सारखं झिजतं. तुमचं आतून गेलंय, म्हणजे रबराला शिव्या देऊ नका. हात फिरवून बघा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट करवतीसारखं लागलं तर टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत तो कोन) बिघडलाय. गाडी खड्ड्यात कधी आपटली होती? स्टिअरिंग सरळ रस्त्यावर किंचित वाकडं धरावं लागतं का?

ह्यूस्टनकर:
ट्रेडवेअरच्या आकड्याबद्दल सांगतो (कमी आकडा म्हणजे लवकर झिजणारं, मऊ रबर), कारण ती चाचणी आमच्या टेक्सासात सॅन अँजेलोजवळच्या रस्त्यांवर होते. ७,२०० मैल, म्हणजे साडेअकरा हजार किलोमीटर गाडी चालवून झीज मोजतात आणि १०० आकड्याच्या ठरलेल्या टायरशी ताडून बघतात. पण शेवटी आकडा छापते कंपनीच. त्यामुळे एकाच कंपनीचे दोन टायर ताडायला तो बरा, दोन कंपन्यांचे ताडायला फारसा कामाचा नाही. इथे पार्किंग लॉटमध्ये शंकू लावून शर्यती होतात, त्यात रस्त्यावरच्या टायरांच्या गटाला किमान २०० ची अट असते. तेव्हा तुमचा २४० काही गुलछबू टायर नव्हे, चांगलाच मऊ आहे.

आणि 'एए'वर जाऊ नका. ती श्रेणी ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत चाक लॉक करून काढतात. वळणावरच्या ग्रिपचा त्यात संबंधच नाही.

पेट्रोलपंप:
नायट्रोजन भरा, सगळं ठीक होईल.

घाटवळण:
हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो हो. ३८ चं काय ते आधी बघू. दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा. मधला पट्टा बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलाय, म्हणजे हवा जास्त आहे आणि टायर रस्त्यावर पूर्ण टेकत नाही.

धागाकर्ता:
स्टिकरवर ३३ आहे. पंपावरचा पोरगा ३८ मारतो, मी मान डोलावतो. हात फिरवला: करवत! मार्चमध्ये डावं चाक खड्ड्यात दणकून बसलं होतं. नंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केली, दुकानदार 'ओक्के आहे साहेब' म्हणाला, कागद दिला नाही. स्टिअरिंग तेव्हापासून जरा उजवीकडे धरतो, सवय झाली होती.

घाटवळण:
झालं तर मग. डावं चाक बाहेर वळलंय, म्हणून सरळ जायला तुम्ही उजवीकडे धरता, आणि तो बिघाड दोन्ही चाकं वाटून घेतात. म्हणून उजवंही आतून गेलं. कागद मागा, आधीचे आणि नंतरचे आकडे दोन्ही असलेला.

कोकणफेरी:
घसरलात ते मात्र आतली कड गेली म्हणून, असं मला वाटत नाही. उजव्या वळणात भार डाव्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावर येतो आणि तिथे तुमची ४.२ शिल्लक आहे. गाडी पाण्यावर तरंगली असंही नाही. त्याचं जुनं सूत्र आहे, विमानांच्या चाकांवरून निघालेलं: हवेच्या पीएसआयच्या वर्गमुळाला ९ ने गुणा, वेग नॉट्समध्ये मिळतो. ३३ लाही तो ताशी ९५ किमीच्या पुढे जातो, ३८ ला आणखी वर. तुम्ही ५० वर होता. पहिल्या सरीत चार महिन्यांचं ऑइल, रबराचा चुरा आणि धूळ यांचं जे पिठलं होतं ना, त्यावर नवा टायरही घसरतो.

घाटवळण:
अर्धं पटलं. पण 'आउटसाइड' (ही बाजू बाहेर ठेवा) लिहिलेल्या टायरमध्ये पाणी काढणारे रुंद चर बहुतेक आतल्या बाजूलाच असतात आणि बाहेर कोरड्या वळणासाठी मोठे ठोकळे. यांचे चर गेले, ठोकळे राहिले. म्हणून कोरड्यात टायर अजून छान वाटत असणार. झिजलेला टायर कोरड्यात उलट घट्टच लागतो, ठोकळे बुटके झाले की कमी हलतात. शर्यतवाले त्यासाठी नवे टायर मुद्दाम तासून घेतात. पाणी आलं की सोंग उघडं पडतं.

धागाकर्ता:
हो! मे महिन्यात कोरड्या घाटात मला वाटलं होतं की टायर आता मुरलेत, लोणच्यासारखे.

कोकणफेरी:
मग चरांचं मान्य. दोनच घेणार असाल तर नवे मागे लावा आणि मागचे साडेपाचवाले पुढे. दुकानात उलटं सांगतील, 'गाडी पुढून ओढते ना'. ऐकू नका. पुढून घसरली तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की बहुतेक वेळा सावरते, मागून सुटली तर घाटात दुसरी संधी नाही. आणि घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे बघा: टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. रबर गोदामात पडूनही कडक होतं.

धागाकर्ता (चार दिवसांनी):
दुसऱ्या दुकानात गेलो, कागद घेतला. पुढचा एकूण टो ०.६ अंश बाहेर, म्हणजे प्रत्येक चाक ०.३. घरी कॅल्क्युलेटर काढला: दर किलोमीटरला टायर सुमारे ५ मीटर आडवा घासत होता. मार्चपासून ६ हजार किलोमीटर झाले, म्हणजे तीसेक किलोमीटर मी गाडी आडवी चालवली! पुण्याहून खेड शिवापूरच्या पुढे, खेकड्यासारखी.

डावा टाय रॉड (स्टिअरिंग चाकाला जोडणारा दांडा) वाकला होता, तो बदलला. हवा ३३. नवे दोन मागे लावले. दुकानातल्या पोराने दोनदा विचारलं, 'मागेच ना काका?' टायर तोच घेतला, २४० वालाच. बायकोला सांगितलं की जुना टायर खराब नव्हताच. ती म्हणाली, 'तो खड्डा तुला दिसला नव्हता, हे मी तेव्हाच म्हटलं होतं.'

एक शंका राहिली: पुढे गेलेल्या साडेपाचवाल्यांना पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवू का? वर्षाला पंधरा हजार चालते.

घाटवळण:
मे महिन्यात गेज लावा. तीनच्या खाली गेले असतील तर पहिल्या सरीआधी काढा, १.६ ची वाट बघू नका.