'निवारण' कुठलं आणि 'छळ' कसला?

वेलांटी:
मंडळी, एका फलकापाशी अडलेय. कामाच्या ठिकाणी दर्शनी भागात लावावा लागतो, तोच. मराठी मजकूर असा: 'कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३'. शेजारच्या हिंदी मजकुरात कंसात आहे 'निवारण, प्रतिषेध और प्रतितोष'. म्हणजे निवारण मराठीत शेवटी, हिंदीत सगळ्यात आधी! कुणी क्रम उलटवला की काय? शिवाय आमच्या साहेबांना 'छळ' फार जड वाटतो. 'गैरवर्तन' करून टाका म्हणतात.

मुद्रितशोधक:
क्रम जागेवर आहे, शब्दच फिरलाय. निवारण म्हणजे मुळात अडवणं, परतवून लावणं. हिंदी मसुदा करणाऱ्यांनी तो जुना अर्थ धरला: घडण्याआधी अडवणं. मराठीत मात्र शंकानिवारण, तक्रारनिवारण असं वापरून वापरून तो 'आलेलं दूर करणं' असा मुरला; त्या अर्थाला हिंदीने 'प्रतितोष' घेतला. (हिंदीतही 'शिकायत निवारण' आहेच, त्यामुळे त्यांचीही पंचाईत होत असणार.) 'प्रतिबंध'चंही तेच. आपल्याकडे रोगप्रतिबंधक लस, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, म्हणजे होऊ न देणं. हिंदीत प्रतिबंध म्हणजे थेट बंदी. तेव्हा दोन्ही मजकूर आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त एकावरून दुसरा 'सुधारायला' जाऊ नका.

'मनाई' मला फार आवडते. अरबीतून आलेला शब्द, पण संविधानाच्या मराठी आवृत्तीत अनुच्छेद १५च्या मथळ्यात 'भेदभाव करण्यास मनाई' असा ऐटीत बसलाय. 'प्रतिषेध' म्हटलं असतं तर कोण थांबलं असतं?

समितीवाली:
साहेबांना सांगा, 'गैरवर्तन' या कायद्यात आधीच दुसऱ्या खुर्चीवर बसलंय. तक्रार सिद्ध झाली की सेवा नियमांनुसार ते कृत्य गैरवर्तणूक मानून कारवाई होते. शिवाय उशिरा येणं, साहेबाला उलट बोलणं हेही गैरवर्तनच. त्या गर्दीत ही गोष्ट लोटली की दिसेनाशी होते. बहुधा तेच हवं असतं.

पण 'छळ'बद्दल माझीही तक्रार आहे, वेगळ्या कारणाने. मी एका अंतर्गत समितीवर, म्हणजे कामाच्या ठिकाणी अशा तक्रारी ऐकणाऱ्या समितीवर, बाहेरची सदस्य आहे. प्रकरणांविषयी बोलायचं नाही, कलम १६ आडवं येतं; शब्दाविषयी बोलता येईल. समोरच्या बाईचं पहिलं वाक्य पुष्कळदा एकच असतं: 'छळ असा नाही हो मॅडम, एकदाच झालं, पण...' आणि त्या 'पण'नंतर बराच वेळ काही नाही. पर्सच्या चेनशी चाळा चालू असतो.

'एकदाच' का म्हणते ती? कारण मराठीत छळ म्हटला की तो दिवसचे दिवस चालतो. सासरचा छळ, हुंड्यासाठी छळ. एका दिवसाचा छळ आपल्या कानाला पटतच नाही. कायद्यात मात्र व्याख्येतल्या कृत्यांपैकी एक कृत्य, एकदा, पुरेसं आहे: अंगचटीला येणं, शरीरसुखाची मागणी, लैंगिक रोखाची शेरेबाजी, अश्लील चित्र वा चित्रफीत दाखवणं किंवा अशाच स्वरूपाचं दुसरं कुठलंही नकोसं वागणं, मग ते बोलून असो की न बोलता.

मुद्रितशोधक:
ताई, हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. संस्कृतात 'छल' म्हणजे कपट. हिंदीने तोच अर्थ ठेवला, म्हणून त्यांना 'उत्पीड़न' शोधावं लागलं. आपण कपटातून जाच काढला आणि जाचात काळ शिरला.

हरभरा:
मग सरळ 'विनयभंग' का नाही? पेपरात तोच असतो.

समितीवाली:
तो फौजदारी शब्द. पूर्वी भारतीय दंड संहितेचं ३५४, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७४. लैंगिक छळ तिथेही वेगळा, ३५४-अ, आता ७५. आणि विनय कुणाचा? तिचा. म्हणजे मोजमाप तिच्या शालीनतेचं, त्याच्या वागण्याचं नाही. 'छेडछाड' तर त्याहून वाईट, त्यात गंमत केल्याचा सूर आहे. तसंच समितीपुढे 'आरोपी' म्हणू नये, 'प्रतिवादी' म्हणावं.

हरभरा:
आमच्याकडे त्या समितीला सगळे 'विशाखा समिती'च म्हणतात. विशाखा नावाच्या बाईंची केस होती ना?

मुद्रितशोधक:
नाही. अत्याचार झाला भंवरीदेवींवर, राजस्थानात, १९९२ साली. त्या सरकारी कार्यक्रमात 'साथीण' होत्या, बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून राग. 'विशाखा' ही सर्वोच्च न्यायालयात याचिका करणाऱ्यांपैकी एक संस्था. १३ ऑगस्ट १९९७च्या निकालातली मार्गदर्शक तत्त्वं कायदा येईपर्यंत चालली. नाव गेलं संस्थेचं, लोकांना वाटतं पीडितेचं. फलकावर 'अंतर्गत समिती' लिहा. मधला 'तक्रार' हा शब्दही २०१६मध्ये गळला.

वेलांटी:
आणि भेदभाव? तोही फलकावर घ्या म्हणतात. माझी आजी 'पंक्तिप्रपंच' म्हणायची.

मुद्रितशोधक:
आजीचा शब्द अचूक आहे. एकाच पंगतीत एकाला तूप, दुसऱ्याला नुसता भात. समान कामाला कमी पगार म्हणजे दुसरं काय? पण फलकावर 'भेदभाव'च ठेवा, आणि वेगळ्या ओळीत. 'दुजाभाव' मनातला असतो, 'भेदभाव' वागण्यात उतरतो. कायदा वागणं धरतो.

वेलांटी:
ठरलं. 'छळ' ठेवतेय, खाली ओळ: 'एकदाच घडलेलं नकोसं वागणंही लैंगिक छळ ठरू शकतं.' मसुद्यात 'अस्वागतार्ह' होतं, जणू पाहुण्याला पाट मांडला नाही. साहेब म्हणाले, 'नकोसं' घरगुती वाटतं. म्हटलं, कळतं तरी. शेवटचा प्रश्न: तक्रार करायची तीन महिन्यांची मुदत 'घटनेपासून' लिहू की 'शेवटच्या घटनेपासून'?

समितीवाली:
दोन्ही लिहा. एकच घटना असेल तर तिच्या तारखेपासून, मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते, तेही टाका. आणि तक्रार लिहिता येत नसेल तर लिहायला मदत मिळेल, ही ओळ मोठ्या अक्षरात.