'पौंड' : रत्तल, नाणे आणि कोंडवाडा

आजोबांच्या दुकानातले एक लोखंडी वजन अजून माझ्याकडे आहे. त्याच्या माथ्यावर दोनचा आकडा आणि त्यापुढे 'एलबी' ही रोमी अक्षरे ओतलेली आहेत. आजोबा मात्र त्याला कायम 'दोन रत्तली' म्हणत. 'एलबी' हा पौंड या वजनाचा संक्षेप आणि रत्तल हे त्याच वजनाचे मराठी नाव. पण इंग्रजी 'पौंड' या शब्दात ना एल आहे ना बी, मग ही अक्षरे आली कुठून, या प्रश्नामुळे मी या शब्दाच्या मागे लागलो.

रोमन लोक वजन सांगताना 'लिब्रा पोन्दो' म्हणत. 'लिब्रा' म्हणजे तराजू आणि एक ठरावीक वजनही, तर 'पोन्दो' म्हणजे 'वजनाने'. जर्मनिक भाषांनी यातला दुसरा शब्द उचलला आणि त्याचाच पुढे इंग्रजीत 'पौंड' झाला, पण लिहिताना संक्षेप पहिल्याच शब्दाचा राहिला. ब्रिटिश चलनाच्या चिन्हातले आडव्या रेघेचे एल हेही त्याच लिब्राचे. आपला 'रत्तल' अरबी 'रत्ल'वरून आला आणि तो ग्रीक 'लित्रा'वरून, असे व्युत्पत्तिकार मानतात; लित्रा आणि लिब्रा यांचे नाते सख्ख्या भावंडांसारखे आहे. म्हणजे वजनावरच्या 'एलबी'ला 'पौंड'पेक्षा आजोबांचा 'रत्तल'च अधिक जवळचा, आणि आपण रोज दूध मोजतो तो 'लिटर'ही त्याच कुळातला.

वजनाचे नाणे कसे झाले, तेही पाहण्याजोगे आहे. एक पौंड चांदीतून 240 पेनी पाडल्या जात, म्हणून तेवढ्या पेनींच्या रकमेलाच पौंड म्हणू लागले. 20 शिलिंगांचा पौंड आणि 12 पेनींचा शिलिंग हा हिशेब थेट 15 फेब्रुवारी 1971 पर्यंत टिकला, त्या दिवसापासून पौंडाचे 100 पेन्स झाले. आपल्याकडे नेमका उलट प्रवास दिसतो. इंग्रजी अमलात रुपयाचे नाणे 180 ग्रेन (वजनाचे एक छोटे इंग्रजी माप) वजनाचे होते, तेवढाच तोळा आणि अशा 80 तोळ्यांचा शेर ठरला, त्यामुळे 'रुपयाभार' हे वजन म्हणून रूढ झाले. तिकडे वजनावरून नाणे आले, इकडे नाण्यावरून वजन. 'पेन्शन' हा शब्दही तोलणे आणि मोजून देणे असे दोन्ही अर्थ असलेल्या लॅटिन धातूवरून आला आहे. आपला 'तोलामोलाचा' हा शब्द हीच जोडी सांभाळतो.

गुरांचा 'पौंड' मात्र सर्वस्वी वेगळा. कोंडून ठेवण्याची बंदिस्त जागा या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून तो आला असून त्याचा वजनाशी काहीही संबंध नाही. 1871 च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या कायद्यात तो याच अर्थाने येतो, आणि त्याला 'कोंडवाडा' हा इतका नेमका मराठी शब्द आहे की एका अनुवादात 'गुरे पौंडात जमा केली' असे वाचून मला मनापासून वाईट वाटले. पाणी अडवून केलेल्या तळ्याला इंग्रजीत 'पाँड' म्हणतात, तेही याच शब्दाचे दुसरे रूप. पासपोर्ट किंवा वाहन अडकवून ठेवण्यासाठी जो 'इम्पाउंड' वापरतात, त्यातही हाच कोंडवाडा आहे.

कुटणे, ठोकणे या अर्थाचा इंग्रजीतला तिसरा 'पौंड' मूळचे क्रियापद. त्यावरून 'दणका' या अर्थाचे नामही झाले.

घराभोवतीच्या 'कंपाउंड'मुळे येथे हमखास घोटाळा होतो. त्यात कोंडवाडा शोधण्याचा मोह होतो खरा, परंतु तो बहुधा मलायी 'काम्पुंग', म्हणजे वस्ती किंवा वाडी, या शब्दावरून आला. औषधे मिसळणारा 'कंपाउंडर' तर एकत्र करणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाचा वंशज.

बेकरीत आजही 'एक पौंडाचा केक' मागतात, आणि तेथे 'रत्तल' म्हणावे असा माझा आग्रह नाही. पण दशमान वजने येण्यापूर्वीच्या मराठी व्यवहाराबद्दल लिहिताना सुमारे 453.6 ग्रॅमच्या त्या वजनाला 'रत्तल'च लिहावे, कारण दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांच्याही तोंडी तोच शब्द होता.