वीस वर्षांची व्हीआरएस: रीमॅप करायचं की आहेत ते दीडशे घोडे जपायचे?

गिरणाकाठ (जळगाव)

रामराम मंडळी. गाडी २००६ ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, म्हणजे ऑक्टाव्हियाची पळणारी आवृत्ती. १.८ टर्बो पेट्रोल, पाच गिअर, मीटरवर १,३८,०००. नऊ वर्षांपूर्वी चाळीसगावकडच्या एका जिनिंगवाल्याकडून घेतली. तेव्हा डिकीत सरकी सापडली होती, अजूनही कधीमधी सापडते. रोजच्या कामाला ती नाही. रविवारी पहाटे जळगाव-धुळे आणि महिन्यातून एकदा कन्नडचा घाट, बस.

गेल्या रविवारी पारोळ्याच्या पुढे एका नव्या छोट्या टर्बो एसयूव्हीने मला सहज मागे टाकलं. चालवणारा पोरगा विशीतला, शेजारी त्याची आजी, आजीच्या मांडीवर केळीचा घड. त्या घडाने मला रात्रभर झोपू दिलं नाही.

पुण्याचा एक ट्यूनर पुढच्या महिन्यात नाशिकला येतोय. स्टेज वन रीमॅपचे, म्हणजे सामान न बदलता इंजिनाच्या कंप्युटरमधला नकाशा (प्रोग्राम) नव्याने लिहायचे, ३५ हजार. १५० पीएसचे (घोड्यांचे) १८५-१९० होतील आणि टॉर्क (ओढायचा जोर) २१० वरून २७० न्यूटन-मीटरपर्यंत जाईल म्हणतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: करावं. ह्याच १७८१ सीसीच्या, सिलिंडरला पाच-पाच व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनातून त्याच फोक्सवॅगन समूहाने ऑडी टीटीमध्ये २२५ पीएस काढले आणि वॉरंटी देऊन विकले. परदेशात व्हीआरएस १८० ची मिळत होती, आपल्याला १५० ची दिली. दम इंजिनात आहे, दाबून ठेवलाय. विरोध असेल तर कारण द्या. "जुनी गाडी आहे, जपून" हे कारण मी धरणार नाही.

धुळ्याचा पान्हा

कारण देतो, भाऊ. बावीस वर्षं ह्याच कामात हात काळे करतोय.

टीटीचं इंजिन "हेच" नव्हे. भावकीतलं म्हणा. ब्लॉक एकाच घराण्यातला, पण त्यावर मोठा के-०४ टर्बो, दोन इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारे), आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) तुमच्या साडेनऊवरून नऊच्या आसपास उतरवलेलं. तुमच्या गाडीत छोटा के-०३ आहे. तो खालून लवकर ओढतो, पण साडेपाच हजार आरपीएमच्या पुढे त्याला धाप लागते. रीमॅपने तिथे फार काही वाढत नाही. वाढतो तो मधला टॉर्क, आणि सामान तुटतं ते टॉर्कने. पीएसचा आकडा फलकावर लावायला बरा.

तुमच्या गिअरबॉक्सचं घराणं एमक्यू-२५०. तो २५० आकडा शोभेचा नाही, तितके न्यूटन-मीटर झेलायचे एवढाच त्याचा अर्थ. आज तुम्ही २१० वर आहात, ४० ची शिल्लक आहे. ट्यूनर तुम्हाला २७० देतोय, म्हणजे शिल्लक संपून वर २० ची उधारी. आणि हा हिशोब नव्या गिअरबॉक्सचा. वीस वर्षं चाललेल्या डिफरन्शियलमधले (दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या संचातले) रिव्हेट कोणत्या हालतीत आहेत ते ट्यूनर बघणार आहे का? त्याच्या लॅपटॉपला रिव्हेट दिसत नाहीत.

लळिंग एक्सप्रेस

पान्हाभाऊंचा मान राखून म्हणतो, हे भीती घालणं झालं. कंपनी आकडा देते तो दररोज, पूर्ण भार लादून, कुठल्याही हवेत, लाखो किलोमीटर चालण्यासाठी. गिरणाकाठ महिन्यातून चार वेळा पहाटे गाडी काढतात. पूर्ण २७० न्यूटन-मीटर अख्ख्या महिन्यात मिळून दहा मिनिटंसुद्धा वापरले जाणार नाहीत. बाकी वेळ गाडी जुन्याच गाडीसारखी चालते. उजव्या पायात अक्कल असली की गिअरबॉक्स टिकतो.

ह्या इंजिनाचे कनेक्टिंग रॉड वाकतात ते ४०० च्या आसपास टॉर्क गेला की, आणि तोही खालच्या आरपीएमला एकदम दिला तर. २७० ला कुठे आलं ते? माझी स्वतःची १.८ टर्बो पाच वर्षं रीमॅपवर आहे. क्लच एकदा बदलला. क्लच काय, तो तसाही बदलावा लागतोच.

आण्णा_शिंदखेडा

भो, कसाले डोकं तापाडस? आजीनी गाडी नवी शे, तुन्ही म्हातारी शे. म्हातारीले पयाडू नको.

दीपनगरची चिमणी (भुसावळ)

सगळे गिअरबॉक्सवर भांडताय. मे महिन्यात आपल्याकडे पारा किती असतो ते कोणी बोलेना.

टर्बो गाडी हवा खाते. २५ अंशाची हवा आणि ४५ अंशाची हवा ह्यात तेवढ्याच जागेत साधारण सहा टक्के हवा कमी मावते. हे झालं टर्बोत शिरण्याआधीचं. टर्बो हवा दाबतो म्हणजे अजून तापवतो, आणि ती थंड करायला व्हीआरएसमध्ये इंटरकूलर आहे तो बंपरच्या कोपऱ्यात, चाकापुढे. आकाराने एवढासा. भुसावळच्या उन्हात दोनदा दाबून पळवली की तोच तापून बसतो, मग गरम हवा, मग नॉक, म्हणजे इंधन अवेळी पेटून आत ठोके. नॉक सेन्सरने ओरड केली की कंप्युटर ठिणगी उशिरा पाडायला लागतो. झालं. ३५ हजारांची ताकद परत गेली. पुण्याच्या ट्यूनरचे आलेख पुण्याच्या हवेतले असतात, त्यात आपला वैशाख नसतो.

माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. पैसे घालायचेच तर आधी समोर मोठा इंटरकूलर बसवा, रेडिएटरचा पंखा तपासा, वॉटर पंप बदला. ह्या इंजिनाच्या जुन्या पंपाचं आतलं चाक प्लास्टिकचं असतं, ते तडकतं किंवा दांड्यावर नुसतं फिरत राहतं. बाहेरून काही कळत नाही, काटा वर गेला की कळतं. रीमॅप पुढच्या वर्षी. आणि पेट्रोलचं काय? ई-२० चा (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा) विचार केलाय का कोणी?

लळिंग एक्सप्रेस

ई-२० तर आपल्या बाजूने आहे की! पूर्वी साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं, ई-२० चं मानक ९५ चं आहे. नॉक कमी होणार. सरकारने न मागता ऑक्टेन दिलंय, घ्या.

दीपनगरची चिमणी (भुसावळ)

ऑक्टेन दिलं आणि ऊर्जा काढून घेतली. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी. पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ भागच. म्हणजे तेवढ्याच हवेला ई-२० जास्त पाजावं लागतं. टर्बोने हवा वाढवायची, वर इंधनही जास्त पाजायचं, आणि ते पाजणार कोण? २००६ चे इंजेक्टर आणि २००६ चा पंप. पूर्ण दाबल्यावर पेट्रोल कमी पडलं तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं.

शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. गाडी पावसाळ्यात महिना-महिना शेडमध्ये उभी असेल तर टाकीत काय होतं ते एकदा बाटलीत काढून बघा. जुन्या रबरी नळ्यांचं तर बोलतच नाही.

गिरणाकाठ (जळगाव)

नळ्या मागच्या दिवाळीत बदलल्या. पंप जुनाच आहे, इथे मी हरलो. पण चिमणीताई, म्हणजे ट्यूनरने ई-२० धरून नकाशा लिहिला आणि इंटरकूलर मोठा घातला तर तुमचा विरोध नाही, असंच ना? मग हा विरोध रीमॅपला नाही, क्रमाला आहे.

दीपनगरची चिमणी (भुसावळ)

ताई नाही, दादा म्हणा. हो, क्रमालाच आहे. आपल्याकडे गाडी क्रम चुकल्यानेच मरते.

कागदवाला (नंदुरबार)

एक रुक्ष मुद्दा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेर बदल करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५ हजार दंड, किंवा दोन्ही. अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरला वास लागला तर क्लेमवर वाद ठरलेला. शिवाय तुमची गाडी २००६ ची, म्हणजे ह्या वर्षी वीस पूर्ण. आता वीस वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क १० हजार आहे. ट्यूनरला द्यायच्या आधी ते बाजूला काढा.

लळिंग एक्सप्रेस

पासिंगला कोणी कंप्युटर उघडून बघत नाही, साहेब.

कागदवाला (नंदुरबार)

चोरी पकडली जात नाही म्हणून ती खरेदी होत नाही, दादा.

अनेर (शिरपूर)

मी रीमॅपवाला होतो, म्हणून माझं ऐका. गाडी वेगळी होती, कंपनीचं नाव घेत नाही. रीमॅप केलं आणि चार महिन्यांनी बिजासनी घाटात, चढावर, मागे ट्रकांची रांग, इंजिन एकदम गप्प. ना खडखड, ना धूर. स्टार्टर फिरवला तर मोकळं फिरतंय, जसं आत काही नाहीच. टायमिंग बेल्ट तुटला होता. सगळे व्हॉल्व्ह वाकले. हेड उतरवलं, ७० हजार गेले.

दोन वर्षं मी प्रत्येकाला सांगत फिरलो की रीमॅपने इंजिन खाल्लं. मग एका लग्नात गॅरेजवाल्याने शांतपणे विचारलं, "भाऊ, पट्टा शेवटचा कधी बदलला होता?" मी घेतल्यापासून कधीच नाही. रीमॅप फुकट बदनाम झालं. पण खरं सांगू, रीमॅपचे पैसे खिशात होते म्हणूनच पट्ट्याचं डोक्यात आलं नाही. पट्टा बदलला तर गाडी कालसारखीच चालते ना, मजा काय त्यात? गिरणाकाठ, तुझा पट्टा किती वर्षांचा?

गिरणाकाठ (जळगाव)

...२०१८ चा. पण किलोमीटर फक्त ३१ हजार झालेत.

धुळ्याचा पान्हा

आठ वर्षं! रबराला किलोमीटर कळत नाहीत, त्याला वय कळतं. चार-पाच वर्षांत बदलायचा, गाडी चालो न चालो. तुमच्या इंजिनातही पट्टा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि तुमच्याकडे ते वीस आहेत.

असं करा. रविवारी धुळ्याला या. कॉम्प्रेशन काढू (प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते), पट्टा बघू, लॅपटॉप लावून लॉग (कंप्युटरची नोंद) घेऊ. ऑइल कुठलं आहे? फोक्सवॅगनच्या ५०२०० मंजुरीचं सिंथेटिक नसेल तर ऑइल पॅन उतरवून जाळीही बघावी लागेल. स्वस्त ऑइलवर चाललेल्या १.८ टर्बोत जाळीवर डांबर बसतं, टर्बोला तेल पोचत नाही, आणि लोक म्हणतात टर्बो कमजोर. चारी सिलिंडर सारखे निघाले तर रीमॅपला मी स्वतः नाशिकला सोबत येतो आणि शेवभाजी माझ्याकडून. नाही निघाले तर शेवभाजी लळिंगकडून.

लळिंग एक्सप्रेस

मंजूर. तिखट सांगायची.

आण्णा_शिंदखेडा

मीबी येस.

गिरणाकाठ (जळगाव), आठ दिवसांनी

जाऊन आलो. कॉम्प्रेशन: ११.५, ११, ११, आणि चौथ्यात ८.५ बार. त्यात थोडं ऑइल टाकून परत मोजलं, आकडा जागचा हलला नाही. म्हणजे पिस्टनच्या रिंग ठीक, गळती व्हॉल्व्हकडून. ऑइलची जाळी स्वच्छ निघाली, त्या जिनिंगवाल्याला दुवा.

लॉगमध्ये वेगळीच गंमत. कंप्युटर मागतोय तेवढा बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) तयारच होत नाहीये. डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (पाय उचलल्यावर टर्बोची हवा वळवणाऱ्या झडपेचा) पडदा फाटलेला, दाबलेली हवा परत मागे पळतेय. कोण जाणे किती वर्षं. म्हणजे आजीच्या गाडीने मागे टाकलं तेव्हा माझ्याकडे दीडशे घोडेसुद्धा नव्हते. नवीन पडदा बसवला आणि परत येताना पारोळ्यापर्यंत तिसऱ्यातून चौथा टाकायचं मन होईना.

लळिंग एक्सप्रेस

आकडे बघा! पुस्तकात सिलिंडरमधला फरक ३ बारपर्यंत चालतो, आणि खालची मर्यादा ७ आहे. तुमचा फरक ३, खालचा आकडा साडेआठ. गाडी पास. करा रीमॅप.

धुळ्याचा पान्हा

काठावर पास. ३५ टक्क्यांवर बोर्डात पास झालेल्या पोराला कोणी आयआयटीच्या क्लासला घालत नाही. तीन सिलिंडर अकराचे आणि एक साडेआठचा असताना वर बूस्ट वाढवला तर ज्या व्हॉल्व्हमधून आता गळतंय तो जळून जाईल. आधी हेड, मग गप्पा.

लळिंग एक्सप्रेस

हेड उघडायचं तर त्याच खर्चात मोठा टर्बो...

अनेर (शिरपूर)

झालं, परत सुरू.

गिरणाकाठ (जळगाव)

नाशिकची तारीख रद्द केली. ट्यूनर अ‍ॅडव्हान्सचे ५ हजार परत देत नाहीये, ते पाण्यात. बेल्ट, टेन्शनर, धातूच्या चाकाचा वॉटर पंप आणि पेट्रोल पंप मागवलाय. हे सगळं मिळून रीमॅपच्या वर गेलं, घरी अजून सांगितलेलं नाही. मोठ्या इंटरकूलरची चौकशी चालू आहे. चिमणीदादा, मोजमाप घ्यायला बंपर उतरवताना या. हेडचं पावसाळ्यानंतर बघू.

आणि शेवभाजीचं. लळिंग म्हणतात गाडी पास, पान्हाभाऊ म्हणतात नापास, त्यामुळे बिल कोणीच उचललं नाही. आण्णांनी चार भाकरी जास्त घेतल्या. पैसे मी दिले.